बैल न फिरलेली जमीन

बंगळुरू,
२४ मे २०२५

जिजा,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, फक्त कान पार गेले. फोनवर तू बोलतेस आणि माझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. परवा तू पाच मिनिटं काय सांगत होतीस ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, मी आपली हो हो करत राहिले. ह्यांच्या कपाटातली तिकिटं लावलेली पाकिटं येताना आणली होती, ती आता कामाला येतील. तू सातवी शिकलेली आहेस आणि तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, तेव्हा सबबी सांगू नकोस.

गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले. काठी घेऊन घरातल्या घरात फिरते. क्षितिजा "आई, येते" म्हणून ऑफिसला गेली की मी अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसते. खाली सोसायटीचं मोठं लॉन आहे, आणि त्यावर पाय ठेवू नये अशी पाटी आहे. सकाळी एक माणूस मशीन फिरवून जातो. तणाचे नुसते शेंडे उडतात, मुळं तिथेच राहतात. हे बघून ह्यांनी सोसायटीला चार पानी पत्र लिहिलं असतं.

आता कामाचं. गणपतीपर्यंत मी वटारला येणार आहे. तोवर लॉन हे ठेवायचे तसं राहिलं पाहिजे. पाऊस लागायच्या आत मोथा काढ, आणि खालच्या गाठीसकट काढ, नाहीतर एकाचे दहा होतात. लाजाळू लहान असतानाच काढ. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हा बस. खड्डा पडला तर त्यात रेती भर. हे सगळं तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना मला ते लॉन दिसतं.

तुझा पहिला दिवस आठवतो का? हे तुला "तण काढ" म्हणाले आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर तू लॉनचं गवत मुळापासून उपटून बांधावर ढीग घातलेला, आणि माठ, घोळ, कुर्डू तेवढे ओळीने राखलेले. तू म्हणालीस, "मंग? गवत काडायचं आनि भाजी ठेवायची, येवढं पन मला समजत नाय?" अठरा वर्षं झाली, पण ह्यांचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला अजून हसू येतं. हे जाऊनही आता तीन वर्षं होतील.

पंपाच्या खोलीमागची आपली पट्टी मात्र राहू दे. पंचमीला लागेल.

मला तिथे यायचंय, जिजा. सकाळी दवात अनवाणी चालायचंय. बाकी काही नको.

वसुंधरा

·

वटार,
९ जून २०२५

वहिनी, वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमनने "जिजा कोन?" असं गावभर विचारलं. मला पत्र येतं हे कोणाला पटेना. आमचे हे म्हणाले, "कोर्टाचं हाय का बग आदी." मग मी ओटीवर बसून मोठ्याने वाचलं, तेव्हा पटलं.

मोथा काढला. दोन पाट्या गाठी निघाल्या. भाऊंचं स्टूल आणि तो वाकडा काटा चमचा पंपाच्या खोलीत आहे, पुसून ठेवलाय. मला उकिडवं बसायची सवय, स्टूल लागत नाही, पण भाऊ त्यावर बसून एकेक तण काट्याने उचकटायचे ते डोळ्यासमोर येतं. शेतात कोणी असं बेणलं तर पीक कापायची वेळ येईल असं मी त्यांना म्हणायची. ते म्हणायचे, "जिजा, माझं हेच पीक."

फाटकाला रंग दिलाय. क्षितिजाताईंनी माणूस पाठवला होता. घरही आतून झाडून घ्यायला सांगितलं, ते घेतलं. त्यांचा फोन आला होता. तुमच्या तब्येतीचं सांगत होत्या. आणखी काही नाही.

आमच्या शेतात भाताच्या रोपांचा राब चांगला आलाय. आमचा हितेश कामाला विरारला जातो, त्यामुळे लावणीला माणसं कमी आहेत. म्हणून पत्र लहान लिहिते. तुम्ही पाय जपा. गणपतीचं घाईने ठरवू नका, पण या.

जिजा

·

बंगळुरू,
३० जून २०२५

जिजा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. लॉनबद्दल दोन ओळी आणि लगेच राब, हे काही बरोबर नाही. मोथा काढलास, पण बाकीचं काय? लाजाळू? ह्या दिवसांत टाकळा उगवून येतो, तो काढलास का? त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तू एखादी गोष्ट सांगायची टाळतेस तेव्हा राबाचं बोलतेस, हे मला माहीत आहे.

ह्या वर्षी मला एकही तण नकोय. रागावू नकोस. मी कधी अशी मागे लागत नाही, ते काम ह्यांचं होतं. पण उद्या फाटकाशी कोणी उभं राहून आत बघितलं, तर ह्यांचं नाव निघालं पाहिजे. इथे एक माणूस रोज बसायचा, असं बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

काल रात्री डोळा लागेना म्हणून आपली पट्टी आठवत पडले होते. पहिल्या वर्षी मी पंचमीच्या भाजीसाठी बाजारात निघाले, तर तू मला अडवलंस. "बाजारातलं कसं चालेल? शेतात बैल फिरलेला असतो, नायतर ट्रॅक्टर. ऋषीपंचमीला बैलाच्या मेहनतीचं खायचं नाय. तुमच्या लॉनवर काय पन फिरलेलं नाय, तिथलं चालेल." आणि तू पंपाच्या मागे मला माठ आणि केना दाखवलास. त्या दिवसापासून ह्यांच्या नकळत आपण ती पट्टी राखली. एक माणूस अख्ख्या लॉनमधला तण काढायचा आणि दोन बायका त्याच्या पाठीमागे तण वाढवायच्या. सतरा पंचम्या आपण एका पाटावर पानं मांडून जेवलो. ह्यांना कधी संशयसुद्धा आला नाही.

इथे क्षितिजाने मला ऑनलाइन भाजी मागवून देईन म्हणून सांगितलं. चांगली मुलगी आहे. पण ती भाजी कुठल्या जमिनीतली, हे त्या पिशवीवर लिहिलेलं नसतं.

लॉनबद्दल सविस्तर लिही.

वसुंधरा

·

वटार,
२६ जुलै २०२५

वहिनी,

हे पत्र क्षितिजाताईंनी आधी वाचलं तर वाचू दे. मला आता पोटात ठेवता येत नाही.

जून लागला तेव्हा ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "जिजामावशी, घर विकायचं ठरलंय. लोक बघायला येतील, तुम्ही चावीने उघडून दाखवा. आईला मात्र काही बोलू नका, तिला माहीत नाही, तिला सहन होणार नाही." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि पंपाच्या खोलीत जाऊन भाऊंच्या स्टुलावर बसले. रडले. खोटं कशाला सांगू.

तुमचं पत्र माझ्याकडे होतं, गणपतीला येते म्हणून. तुम्ही तिथे दवात चालायचं धरून बसलात आणि इथे मी माणसांना खोल्या उघडून दाखवायच्या. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, घर कोणाला आवडलंच नाही पाहिजे. घरात बिघडवण्यासारखं मला काही येत नाही. मला फक्त लॉन येतं.

वहिनी, पहिल्या दिवशी जे चुकून केलं ते मी आता मुद्दाम केलं. पाऊस लागल्यावर खुरपं घेऊन बसले आणि फाटकापासून पायरीपर्यंत जागोजागी लॉनचं गवत उपटलं. टाकळा, कुर्डू, माठ, केना, जे येईल ते येऊ दिलं. लाजाळूसुद्धा ठेवली. हे बघून आमचे हे म्हणाले, "जिजे, तुला येड लागलंय का? लोकांच्या वाडीची वाट लावतेस." मी म्हटलं, "लोकांची नाय, वहिनीची हाय." तुम्ही तिकडून एकही तण नको म्हणून लिहीत होता, आणि मी इकडे रोज भाऊंचं गवत उपटत होते. हात चालत नव्हता. पण उपटलं.

आणि उपयोगही झाला. पहिले आले ते मुंबईचे, राजोडीला समुद्र बघून येताना. बाई गाडीतून उतरलीच नाही, साप असतील म्हणाली. दुसरे दोघे भाऊ आले, त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी मनात म्हटलं, झालं काम.

मग गेल्या रविवारी शेजारच्या गास गावचे व्हिन्सेंट आणि त्यांची बायको मटिल्डा आली. तीस वर्षं आखातात नोकरी करून परत आलेत. व्हिन्सेंट छत बघत होते, पाण्याची टाकी बघत होते. मटिल्डाबाई पायरीवरून खाली उतरल्या आणि थांबल्या. म्हटलं, आता ह्याही नाक मुरडणार. त्या एकदम खाली बसल्या. चांगला इस्त्रीचा ड्रेस, तो चिखलात. म्हणाल्या, "टाकळा हाय ना हा? आमची आई सुका जवळा घालून करायची. अगो, कुर्डू पन हाय. तीस वर्सात मी हे हाताने खुडलं नाय." आणि पर्समधून पिशवी काढून खुडायला लागल्या. व्हिन्सेंट वरून ओरडले, "मटिल्डा, आपन घर बघायला आलोय." त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझं बघून झालं."

वहिनी, त्यांनी घर घेतलं. ज्यांना पळवायला मी तण राखला, त्यांना त्या तणासाठीच घर आवडलं. आता मी कोणाला काय बोलू? लॉनही गेलं आणि घरही गेलं, आणि दोन्ही माझ्या हाताने. तुम्हाला अजून ठाऊक नसेल तर आता झालं. मला वाटेल ते बोला. पण गणपतीला येते असं परत लिहू नका, ते वाचवत नाही.

जिजा

·

बंगळुरू,
५ ऑगस्ट २०२५

जिजा,

आधी डोळे पूस.

क्षितिजाला दोष देऊ नकोस. घर विकायच्या मुखत्यारपत्रावर सह्या मी एप्रिलमध्येच केल्या. डॉक्टर म्हणाले होते की एकटीने राहायचं नाही, जिने नाहीत, ओली फरशी नाही. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी क्षितिजाला म्हटलं, विकून टाक. ती रडली, मी नाही रडले. मग तिला म्हटलं, तुझ्याकडून माझं एक काम आहे. चावी जिजाकडे आहे म्हणजे तिला सांगावंच लागेल, पण तिला म्हण की आईला ह्यातलं काही माहीत नाही.

का, ते विचारशील. मला माहीत आहे असं तुला कळलं असतं तर तू मला माझ्या घराबद्दल कधी लिहिलं नसतंस. तू लिहिलं असतंस, काळजी घ्या, गोळ्या वेळेवर घ्या. मला तसलं पत्र नको होतं. मला असं पत्र हवं होतं ज्यात मी अजून वटारला येणार आहे. गणपतीला येते, असं मी तुला लिहायचे आणि लिहीपर्यंत ते मला खरं वाटायचं. पाकीट चिकटवलं की संपायचं. तुला फसवलं, आणि तू तिकडे फसून हे असं करत होतीस. माझ्या एवढ्याशा सुखासाठी तुला स्टुलावर बसून रडावं लागलं. मला माफ कर.

एकही तण नको म्हणून मागे लागले होते तेही ह्याचसाठी. जो घेईल त्याने लॉन बघून ते राखावं असं वाटत होतं. हे गेले, मी आले इकडे, निदान गवत तरी तिथे असावं. तू ते उपटलंस हे वाचून मी रागावले. खरंच रागावले, दोन तास क्षितिजाशी बोलले नाही, जणू तिनेच उपटलं होतं. मग मटिल्डा चिखलात बसली तिथपर्यंत परत वाचलं. ती बाई तीस वर्षं ज्या टाकळ्यासाठी झुरली तो तिला आपल्या दारात सापडला. तिच्यावर मी कशी रागावू? मी इथे पाचच महिने आहे आणि माझी ही गत झालीय.

आता एक तुला सांगते, ते मी कधी बोलले नव्हते. ह्यांना आपली पट्टी माहीत होती. शेवटच्या आजारात मी त्यांना कबूल केलं, तर हे म्हणाले, "वसू, चौदा वर्षं मी गवत कापताना त्या पंपाशी येऊन वळायचो, ते काय मशीन बिघडलं होतं म्हणून?" तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, जिजा चोरून राखते त्यात तिला मजा आहे, ती राहू दे.

ह्यांच्यासाठी तरी उपटलेल्या जागी गवत परत लाव. मटिल्डा नको म्हणाली तर राहू दे. घर आता तिचं आहे.

वसुंधरा

·

वटार,
१४ ऑगस्ट २०२५

वहिनी,

भाऊंना माहीत होतं हे वाचून मी भात चुलीवर ठेवून तशीच तुमच्या वाडीत गेले. पंपाशी उभी राहिले. मशीन वळवायचे ती गोल खूण अजून आहे, त्या वळणावर गवत थोडं वेगळं वाढतं. रोज बघत होते, मला कधी कळलं नाही. इकडे भात करपला.

तुमच्यावर रागवायला मला जमत नाही. तुम्ही मला फसवलं, मी तुम्हाला फसवलं, मधल्या मध्ये पोस्टमनला पायपीट. आता मी काही लपवत नाही आणि तुम्हीही लपवू नका.

मटिल्डाबाईंना सगळं सांगितलं, तण मी मुद्दाम वाढवला तेही. वाटलं, कामावरून काढतील. त्या हसल्या, हसता हसता त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "अर्धं लॉन त्यांच्यासाठी ठेव, अर्धी भाजी माझ्यासाठी. बेनायला तूच ये." व्हिन्सेंटना फरशी घालून गाडी उभी करायची होती, तर त्या म्हणाल्या, "गाडी बाहेर रस्त्याला लाव." तर फाटकापासून आंब्यापर्यंत मी गवत लावून घेतलंय. बांधावर टाकलेल्या ढिगातलंच अर्धं जिवंत होतं. भाऊंचं गवत भारी चिवट आहे, वहिनी.

त्या डिसेंबरमध्ये राहायला येणार, नाताळ इथे करणार. तोवर चावी माझ्याकडेच आहे. म्हणाल्या, "पंचमीला वसुंधराबाईंना बोलव, घर त्यांचंच समजून राहू देत." पंचमी अठ्ठावीस तारखेला आहे. हितेश विमानतळावर घ्यायला येईल. या ना, वहिनी. पट्टीत माठ गुडघ्याएवढा झालाय.

जिजा

·

बंगळुरू,
२८ ऑगस्ट २०२५, ऋषीपंचमी

जिजा,

मी आले नाही म्हणून आज तू फाटकाकडे बघत राहिली असशील. क्षितिजा तिकीट काढायला तयार होती. मीच नको म्हटलं. सगळं मोकळं लिहायचं ठरलंय, म्हणून सांगते. मला भीती वाटली. घर आपलं समजून राहा असं कोणी प्रेमाने म्हटलं, की ते आपलं राहिलं नाही हे जास्त कळतं. मला त्या दारात पाहुणी म्हणून उभं राहवणार नाही.

आज सकाळी क्षितिजाच्या हाताला धरून मी लिफ्टने खाली गेले. त्या पाटीच्या लॉनवर काठी टेकत चालले. दव होतं. चपला काढल्या. वॉचमन धावत आला. मी क्षितिजाला म्हटलं, त्याला त्याच्या भाषेत सांग, आई तण काढायला आली आहे. तिने काय सांगितलं कोण जाणे, पण तो बाजूला झाला. मशीन पोचत नाही तिथे, भिंतीच्या कडेला, मला केना सापडला. निळी फुलं आली होती. मला वाकता येत नव्हतं, म्हणून क्षितिजा बसली. ती उपटायला लागली तर मी म्हटलं, मुळापासून नको, नुसती पानं खूड. आयुष्यात पहिल्यांदा तिने हे केलं. तिच्या वडिलांचं लॉन तिने कधी बघितलं तरी होतं का, असं मी म्हणायचे. आज तिच्या नखांत माती होती आणि ती म्हणाली, "आई, बाबा असेच बसायचे ना?" मी हो म्हटलं आणि तिथे रडले, एप्रिलमध्ये राहिलं होतं ते सगळं.

भाजी मूठभर झाली. त्या जमिनीवरून बैल फिरलेला नाही याची मी हमी देते, तिथे माणूससुद्धा फिरत नाही. दोन पानं मांडली. एक तुझं. तुझ्या पानातली क्षितिजाने खाल्ली.

आता तू मटिल्डाला एक विचार. पाहुणी म्हणून नाही, पण बेणायला मी आले तर चालेल का? दिवाळीनंतर, थंडी पडली की. तुझ्याबरोबर सकाळी बसेन, तुझ्या अर्ध्या वेगाने, आणि दुपारी तुझ्या ओटीवर जेवेन. ती हो म्हणाली तर तू बस तुझ्या सवयीने उकिडवी. माझा गुडघा वाकत नाही, माझ्यासाठी ह्यांचं स्टूल बाहेर काढून ठेव.

वसुंधरा